टपोऱ्या दाण्यातली काजळी



गव्हाचा टपोरा दाणाही पोटात काजळी बाळगतो, बीजप्रक्रिया करा, असे मी गावोगाव सांगत फिरलो. स्वतःच्या पोटातली जळजळ मात्र ‘पित्त’ म्हणून वीस वर्षे सोड्यावर भागवली. अखेर तपासणीत अल्सर आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी जंतू निघाले. ऑस्ट्रेलियात वॉरन आणि मार्शल यांनी १९८२ साली वाढवून दाखवलेले हे जंतू कित्येक धडधाकट माणसांच्या जठरात वर्षानुवर्षे राहतात. बहुतेकांना काही होत नाही. काहींना अल्सर, थोड्यांना जिवावर बेतणारा कर्करोग होतो. चौदा दिवसांच्या गोळ्यांनी मी सुटलो.

घाबरू नका, पण पोट सतत दुखत असेल, वजन घटत असेल, शौचास काळी होत असेल, तर डॉक्टरांकडे जा. गोळ्या अर्ध्यावर सोडू नका.