कणकेची प्रदक्षिणा

पुरणपोळीची कणीक तिंबून तिंबून हिच्या मनगटाने यंदा संप पुकारला आणि घरात स्टँड मिक्सर घेण्याचा ठराव झाला. दुकानदार वॉटचे आकडे सांगू लागला. पण वॉट ही यंत्राची भूक, ताकद नव्हे! १९१९ साली अमेरिकेत घरगुती 'किचनएड' आला. त्यात भांडे स्थिर राहते. फिरकी स्वतःभोवती फिरत भांड्यातून प्रदक्षिणा घालते, पृथ्वीसारखी. मी यंत्राचे वजन पाहिले, कारण हलके यंत्र घट्ट कणकेपुढे ओट्यावर सरकू लागते.

हिने एवढेच विचारले, "कणीक सैल झालेली याला कळेल का?"

ते बोटांनाच कळते. यंत्र घेतले, तेलाचा शेवटचा हात मात्र हिचाच.