समास

सोलापुरात घर बांधायला काढले तेव्हा आमची समजूत अशी होती की, बांधकाम परवाना ही इंजिनिअरने उरकायची बाब आहे आणि आपण फक्त सह्या करायच्या आहेत. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. कागद वाचणे हा आमचा व्यवसाय. पण स्वतःच्या घराचा कागद मात्र आम्ही उशिरा, आणि तोही नाइलाजाने वाचला. त्या वाचनाची ही हकिकत.

जागा १९९२ च्या हद्दवाढीत शहरात आलेल्या भागातली, दोन गुंठ्यांहून थोडी कमी. जमीन अकृषिक होती, लेआउट मंजूर होता, म्हणून आमचे निभावले. गुंठ्यागुंठ्याने जागा घेऊन ज्यांनी पोटाला चिमटा काढून घरे बांधली, त्यांना २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली आधी जागाच नियमित करून घ्यावी लागते. डिसेंबर २०२० पासून मुंबईसारखे अपवाद वगळता राज्यभर लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीने लहान भूखंडांची वाट पुष्कळ सोपी केली. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर, आवश्यक कागदपत्रे दिली की शुल्काची पावती हाच परवाना. १५० ते ३०० पर्यंत १० दिवसांत परवाना, असे तिचे धोरण. म्हणजे पूर्वी जो भार कार्यालयाच्या तपासणीवर होता, तो बराचसा आता सहीवर आला आहे. हे आम्हांला तेव्हा उमगले नव्हते.

मंजूर नकाशात घराच्या उत्तरेला दीड मीटर जागा मोकळी दाखवली होती. तिला सरकारी मराठीत ‘सामासिक अंतर’ म्हणतात. शब्द वाचून आम्हांला हसू आले. वर्गात आम्ही समास शिकवतो तो दोन पदे जवळ आणणारा. आणि वहीच्या कडेला कोरा सोडतो तोही समासच. आमचे बालपण पेठेतल्या जुन्या घरांत गेले. तिथे भिंतीला भिंत लागलेली, शेजाऱ्याचा खोकला आपल्या माजघरात ऐकू येणारा. घराभोवती कोरी जागा सोडायची असते हे आमच्या संस्कारातच नव्हते.

अडचण आईंच्या खोलीची होती. त्यांचे गुडघे गेलेले, जिना चढणे अशक्य. तळमजल्यावर बैठक, स्वयंपाकघर आणि पुस्तकांची खोली. मग इंजिनिअरनेच सुचवले, ‘सर, मॅडम, उत्तरेची पट्टी आत घेऊ. जोत्याचे काम नकाशाप्रमाणे दाखवू, भिंत मागाहून ओढू. सगळेच करतात. उद्या काही निघालेच तर दंड भरून नियमित करता येते.’ आम्ही ‘बघू’ म्हणालो. त्या ‘बघू’चा अर्थ तिघांनाही कळला होता.

उत्तरेचे शेजारी जन्मभर यंत्रमागावर राबलेले, घरात तेलुगू आणि बाहेर सोलापुरी मराठी बोलणारे. खडी पडलेली पाहून ते आले. त्यांच्या एकुलत्या एका खोलीची खिडकी त्या पट्टीकडे उघडते. म्हणाले, ‘जागा तुमचीच हाय ओ सर, मी न्हाई म्हनत न्हाई. पर मे महिन्यात वारं तेवढं तिथूनच येतंय बघा.’ भांडायला आलेल्या माणसाला उत्तर देता येते. हे भांडायला आलेच नव्हते.

त्या रात्री आम्ही परवान्याचा कागद पहिल्यांदा ओळ न् ओळ वाचला. खाली मालक म्हणून आमच्या सह्या होत्या. नकाशाप्रमाणेच बांधू, असे आम्ही लिहून दिले होते. विद्यार्थ्याने दुसऱ्याचा निबंध आपला म्हणून दिला की आम्ही वर्गात उभे करून जाब विचारतो. इथे आम्ही जोते एक दाखवून घर दुसरे बांधायला निघालो होतो. आणि कारण म्हणून पुढे करत होतो आईंना. आणखी तासाभराने खरे बोलणे झाले. खोली कमी पडत नव्हती. पुस्तकांची खोली वर न्यायची आमची तयारी नव्हती. तळमजल्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी ती आम्हांला हवी होती.

पुस्तके वर गेली. खोलीचे माप तेच राहिले, बाहेरची एकही भिंत सरकली नाही. इंजिनिअर थोडा नाराज झाला. मग म्हणाला, ‘बरे झाले, जोत्याच्या दाखल्यावर सही माझीही लागते.’

आम्ही नियमनिष्ठ आहोत असे सांगण्यासाठी हे लिहिलेले नाही. शेजारी आले नसते तर ती भिंत उभी राहिली असती, आणि बहुधा कुणी विचारलेही नसते. वर्गात समास शिकवताना आता क्षणभर थांबायला होते, इतकेच. आईंची खिडकी त्या दीड मीटरवरच उघडते. संध्याकाळी पलीकडच्या खिडकीशी त्यांच्या गप्पा चालतात. निम्म्या तेलुगूत, निम्म्या मराठीत. आईंना तेलुगू येत नाही.