ओटीपी आला का गं?

प्रिय सखी,

तुझं पत्र मिळालं. निवृत्त झाल्यावर मी दिवसभर करते तरी काय, असं विचारलंयस. तुला सांगते, मुलींचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देते. हसतेस काय? कॉलेजात तुझेही फॉर्म मीच भरायचे, आणि तू नेमकी सही करायला विसरायचीस!

परवा सांगलीत बहिणीकडे होते, तर जतकडची एक पोर आली. यंदा इंजिनिअरिंगला लागलीय. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना अशा अभ्यासक्रमांची फी माफ झालीय, त्यामुळे तो घोर नव्हता. घोर होता खोलीभाड्याचा आणि मेसचा. त्यासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्त्याचा अर्ज सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर भरायचा होता. उत्पन्नाचा दाखला, अल्पभूधारकाचा दाखला, बँकेचं पासबुक, सगळं साडीच्या दुकानाच्या पिशवीत नीट घडी घालून आणलेलं. पण ओटीपी गेला वडिलांच्या मोबाईलवर, आणि वडील उसाच्या फडात. पोरीनं फोन लावला.

"आप्पा, आकडा सांगा की!"

"कसला आकडा? गाडीचं वजन अजून झालं न्हाई!"

अगं, माझी बहीण हसून हसून खाली बसली. आकडा कळेपर्यंत त्याची वेळ संपलेली. पुन्हा मागवला, आप्पांनी एकेक आकडा ओरडून सांगितला आणि आम्ही तिघी मोठ्यानं म्हणत गेलो. अर्ज गेला तेव्हा पोरीनं आधी रुमाल काढून घाम पुसला, मग हसली.

योजना आहेत गं. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार आहे, फीसाठी राजर्षी शाहूंच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. पण घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदाच चढणाऱ्या मुलीला शेजारी बसणारं माणूस लागतं. आणि भत्ता खात्यात पडेपर्यंत मेसवाला थोडाच थांबतो?

म्हणून मला कर्मवीर भाऊराव पाटलांचं, आपल्या अण्णांचं, फार कौतुक वाटतं. १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं, सगळ्या जातीधर्मांची मुलं एका पंगतीत बसवली. पैसे संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. परक्यांच्या पोरांच्या जेवणासाठी! पुढे १९४७ ला शिवाजी कॉलेज निघालं, तिथं 'कमवा आणि शिका'. मुलगा हातानं काम करायचा आणि ताठ मानेनं शिकायचा. आजही कॉलेजात ग्रंथालयात, बागेत काम करून शिकणारी मुलं दिसली की मी थांबून चौकशी करते. त्या कामाचे पैसे थोडे असतील, पण वह्या-पुस्तकांची, एसटीची सोय होते.

जाताना पोरीनं विचारलं, "मावशी, पुढच्या वर्षी परत हे सगळं करायचं?" म्हटलं, हो, दरवर्षी नूतनीकरण असतं, ये तू.

तू सुट्टीत येशील तेव्हा दोन दिवस माझ्या शेजारी बस. तुझी टायपिंगची गती मला ठाऊक आहे. बहीण भडंग करणार आहे, तिखट कमी नको म्हणून आत्ताच बजावून ठेवलंय. तारीख मात्र लवकर कळव.

तुझीच