इसार

सातबाऱ्यावर ज्याचं नाव नाही, त्याची नुकसानभरपाई निघत नाही. शेत ज्याचं, पंचनामा त्याचा. 2014 साली आमच्या बागेला गारांनी झोडपलं तेव्हा बाबांचं नाव यादीत आलं, उशिरा का होईना मदतही मिळाली. पण त्या नुकसानीचा मोठा वाटा ज्यांनी स्वतःच्या खिशातून सोसला, त्यांचं नाव कुठल्याच कागदावर नाही. ते अचलपूरचे संत्र्याचे व्यापारी. बाबा त्यांना भाई म्हणत, आम्ही पोरं चाचा.

आमची बाग मोर्शी तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. आमच्या भागात संत्रा झाडावर असतानाच विकला जातो. व्यापारी बागेत फिरतो, झाडाखाली उभा राहून वर पाहतो आणि माल किती निघेल याचा अंदाज बांधतो. भाव जमला की इसार हातावर ठेवतो, उरलेले पैसे तोड्याला. मधल्या काळात आभाळ फाटलं तर काय करायचं, हे सौद्याच्या चिठ्ठीत कोणी लिहीत नसे. मग गारपीट झाली की तंटे होत. व्यापारी इसार परत मागे, शेतकऱ्याने तो केव्हाच खतापाण्यात, नाहीतर बँकेच्या हप्त्यात घातलेला असे.

संत्र्याला फेब्रुवारी-मार्चच्या गारांइतकं वाईट काही नाही. मृग बहाराची फळं तेव्हा तोडणीला आलेली असतात आणि त्याच वेळी आंबिया बहार फुलावर असतो. म्हणजे एकाच माराने हातातलं पीक जातं आणि दिवाळीच्या आसपास येणारं पुढचंही. 2014 च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भ-मराठवाड्यावर हा मार पुन्हा पुन्हा बसला. गहू आडवा झाला, सोंगून ठेवलेला हरभरा भिजून काळा पडला.

मी तेव्हा अकोल्याला, डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकत होतो. हवामानाच्या तासाला आम्हाला पश्चिमी विक्षोभ शिकवलेला होता: भूमध्य समुद्राच्या बाजूला जन्मणारी ही वादळं हिवाळ्यात इराण-अफगाणिस्तानावरून सरकत येतात, काश्मीर-हिमाचलात बर्फ टाकतात आणि पुढे जातात. एरवी त्यांचा आपल्याशी संबंध थंडीपुरताच. पण कधी त्या थंड हवेचा पट्टा खाली दक्षिणेकडे उतरतो, त्याच वेळी समुद्रावरून दमट वारे मध्य भारतात शिरतात, जमीन तर उन्हाने तापलेली असते. दमट हवा सुसाट वर चढते, ढगातले थेंब गोठणरेषेच्या वर फेकले जातात, बर्फाचे थर चढत जातात आणि वाऱ्याला पेलवेनासं झालं की गार खाली येते. त्याच हिवाळ्यात, 5 फेब्रुवारीला, इंग्लंडच्या डॉलिश गावी समुद्राच्या लाटांनी रेल्वेची भिंत फोडली होती आणि रूळ हवेत लोंबकळत होते. ते चित्र टीव्हीवर पाहताना मला ते फार दूरचं वाटलं होतं. उन्हासाठी नाव असलेल्या आमच्या वऱ्हाडात महिन्याभरात बांधावर पांढरा खच पडेल, असं मनातही आलं नव्हतं.

घरून फोन आला तसा मी मूर्तिजापूर, बडनेरा करत अमरावती गाठली आणि तिथून मोर्शीची एस.टी. धरली. बागेत पाय ठेवला तर झाडाखाली जमीन दिसेना. फळं, फुलं, पानं, सगळं एकत्र चिखलात रुतलेलं. फांद्यांची साल वाऱ्याच्या बाजूने सोलून निघाली होती. बाबा बांधावर बसून होते. आई म्हणाली, कालपासून जेवले नाहीत.

चाचा आधीच आलेले होते. त्यांनी त्या वर्षी आमच्यासारख्या कितीतरी बागा घेतल्या होत्या, सगळीकडे इसार वाटलेला. त्यांना पाहून बाबा उठले आणि म्हणाले, "भाई, तुमचा इसार माह्याजवळ नाई आता. थोडा टाइम द्या."

चाचा म्हणाले, "इसाराचं कोन बोलून राह्यलं भाऊ? आंधी फळं उचला. तलाठी येईलच, पन सडनारं फळ त्याच्यासाठी थांबत नाई."

गावात तेव्हा हाच घोळ चालू होता. पंचनामा होईपर्यंत शेतातलं काही हलवू नका, असं जो तो सांगत होता. गारेने फुटलेलं फळ दोन-तीन दिवसांत बुरशी धरतं, बाजारात कोणी हात लावत नाही. चाचांनी मला मोबाइलवर ओळीने सगळ्या झाडांचे फोटो काढायला लावले, काही झाडांखालचा सडा तसाच राखून ठेवला आणि बाकीचा माल आपल्या तोडणीच्या मजुरांकडून वेचून घेतला. मजुरी त्यांनीच दिली. डागी माल त्याच रात्री अमरावतीच्या बाजारात गेला. आला तो भाव कवडीमोल होता. ते पैसे त्यांनी आईच्या हातात ठेवले आणि इसारात धरले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते मोरचूद आणि कळीचा चुना घेऊन आले. बोर्डो मिश्रण मी पुस्तकात वाचलेलं होतं: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. पण बनवताना कधी जवळून पाहिलेलं नव्हतं. त्यांनी दोन प्लॅस्टिकच्या ड्रमात दोन द्रावणं वेगवेगळी केली, आम्हा दोघांकडून तिसऱ्यात एकाच वेळी ओतून घेतली आणि त्यात विळा बुडवला. पात्यावर तांबूस थर चढला. "चुना कमी हाये," ते म्हणाले. आणखी चुना टाकला, पातं स्वच्छ निघेपर्यंत. मोडक्या फांद्या छाटल्या, बुंध्यांना घट्ट मलम लावलं, जखमा झालेल्या प्रत्येक झाडावर फवारा बसला. बाबा पहिल्यांदा काठीला टेकून नुसते पाहत होते. मग त्यांनी माझ्या हातून नोझल घेतलं. त्या आठवड्यात बाबांना बांधावर एकटं बसू द्यायला आई भीत होती, हे तिने मला पुष्कळ नंतर सांगितलं. ज्या प्रदेशात शेतकऱ्याच्या घरची माणसं अशा भीतीने रात्री जागतात, तिथे हाताला काम लावणारा माणूस काय देऊन जातो, ते मला कुणाला समजावून सांगावं लागू नये.

माझी त्या वर्षीची फीही त्या न मागितलेल्या इसारातूनच गेली.

तेव्हा मदतीसाठी पन्नास टक्क्यांवर नुकसान दाखवावं लागे. 2015 मध्ये ती अट तेहतीस टक्क्यांवर आली, हे चांगलं झालं. पण झाडावरचा माल विकत घेणाऱ्याला तेव्हाही रकाना नव्हता, नंतरही आला नाही. व्यापारी म्हणजे लुटणारा, एवढंच आपल्याकडे बोललं जातं, आणि तसे आहेतही. म्हणूनच हे लिहायला हवं की त्या उन्हाळ्यात चाचांनी आपली मालवाहू गाडी विकली आणि पुढची काही वर्षं ते दुसऱ्याच्या गाडीने माल पाठवत राहिले.

झाडं जगली. सावरायला वेळ लागला, पण चांगला मृग धरल्यावर बाबा इसाराएवढी रक्कम रुमालात बांधून अचलपूरला गेले, सोबत मी. चाचांनी आढेवेढे घेतले नाहीत. पैसे घेतले, मोजले, चहा मागवला. नाही म्हटलं असतं तर बाबांची मान कायमची खाली राहिली असती, हे त्यांना कळत होतं. मग म्हणाले, "यंदाची बाग दुसऱ्या कोनाले देऊ नका," आणि त्याच नोटांतला इसार पुन्हा बाबांच्या हातावर ठेवला.

त्या दिवशी चिठ्ठी मी लिहिली. शेवटी बाबांनी एक ओळ वाढवायला सांगितली: गारपीट झाल्यास नुकसान दोघांचे निम्मे-निम्मे. चाचांनी ती वाचून सही केली. 11 फेब्रुवारी 2018 ला वऱ्हाडात पुन्हा गारा पडल्या तेव्हा त्या ओळीप्रमाणे हिशेब झाला, आणि आता बाग चाचांचा मुलगा घेतो तेव्हाही चिठ्ठीत ती असते.