पाचावर धारण

काचेवर बोटं फिरवून हिशेब करणाऱ्या माणसांबद्दल मला कमालीचा आदर वाटतो. सर्कशीत तारेवरून सायकल चालवणाऱ्या बाईबद्दलही वाटतो. पण म्हणून तो प्रकार घरच्या माणसानं करावा असं मी कधी म्हणणार नाही. आमच्या घरी टॅब्लेट नावाची पाटी आली, तिच्यात कॅल्क्युलेटरही होता. आम्हीही पाटीवरच शिकलो म्हणा; पण ती पाटी पेन्सिल ओढली की कुरकुरायची तरी. ही अगदीच मुकी!

आमच्या सौभाग्यवतींनी ३२ वर्षं बँकेत काढली. पावकी-निमकीपासून औटकीपर्यंतचे पाढे त्यांच्या वडिलांनी पाठ करून घेतले होते आणि पुढचं काम बँकेतल्या बेरजेच्या यंत्रानं केलं. डाव्या हातानं व्हाउचरं उलटायची, उजव्या हातानं आकडे मारायचे आणि नजर कागदावरून उचलायची नाही. निवृत्तीनंतर आमच्या २४ बिऱ्हाडांच्या सोसायटीचं खजिनदारपण आपोआप तिच्याकडे आलं. अध्यक्ष येतात, रुसतात, जातात, खजिनदार एकच.

दोन वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांनी दगा दिला. दृष्टिपटलाच्या मधोमध मॅक्युला नावाचा एक भाग असतो, तो वयानं झिजतो. कडेचं दिसत राहतं, नेमकं समोरचं पुसट होतं. म्हणजे दार दिसतं, दारात उभा असलेला माणूस ओळखू येत नाही. वहीत रकाना दिसतो, आकडा दिसत नाही.

डॉक्टरांचे उपचार चालू झाले. टॅब्लेट मुलानं पाठवला तो याच कारणानं, की त्यावर आकडे हवे तेवढे मोठे करता येतात. ते खरंही होतं. पण आकडे दिसले तरी ते घालायचे कसे? बटणाच्या पाटीवर बोटं नुसती टेकवून ठेवता येतात, दाबल्याशिवाय काही होत नाही. काचेवर टेकवणं आणि दाबणं एकच. बोट विसाव्याला टेकलं की पाच उमटला, जरा सरकलं की आठ. शिवाय आपण कुठं आहोत हे बोटाला कळायला काच काही सांगत नाही. दर आकड्याला डोळ्यांना विचारावं लागतं. आणि तिचे डोळे तर विचारण्याच्या पलीकडे गेलेले. एका रात्री तिनं मला विचारलं, “अहो, राजीनाम्यात ‘प्रकृतिअस्वास्थ्य’ हा शब्द जोडून लिहायचा ना?” मी जन्मभर मराठी शिकवलं, एरवी या प्रश्नानं सुखावलो असतो. “उद्या बघून सांगतो,” म्हणालो.

तुम्ही म्हणाल, मग दुकानदाराच्या गल्ल्यावर असतो तो साधा कॅल्क्युलेटर का नाही आणला? आणला होता. त्याची बटणं उत्तम, पण त्याच्या खिडकीतला आकडा तिला दिसेना. एकाकडे बोटांची सोय, दुसऱ्याकडे डोळ्यांची. या दोघांचं लग्न लावून दिलं माझ्या भाच्यानं. नुसत्या आकड्यांची बटणं असलेली, पुस्तकाएवढी छोटी पाटी त्यानं आणली आणि एका वायरनं टॅब्लेटला जोडली. आकडे उमटेनात! सगळ्यांचे चेहरे पडले. मग त्यानं कोपऱ्यातलं ‘नम लॉक’ नावाचं बटण दाबलं, बारीकसा दिवा लागला आणि आकडे आले. ते बटण बंद असलं की तीच बटणं खूण इकडेतिकडे हलवण्याच्या दुसऱ्या नोकरीवर जातात म्हणे. गुणाकाराला तारका, भागाकाराला तिरकी रेघ, बरोबरच्या चिन्हाऐवजी ‘एंटर’; एवढं सांगून भाचा म्हणाला, “मामी, बघा.”

मामींनी बघितलं नाही. मधलं बोट बटणांवरून चाचपत नेलं आणि एका जागी थांबवलं. पाचाच्या बटणावर एक बारीक उंचवटा असतो. तो सापडला की वर आठ, खाली दोन, डावीकडे चार, उजवीकडे सहा. सगळं गाव ओळखीचं. पाचावर धारण बसणं म्हणजे घाबरगुंडी उडणं, असं मी वर्गात शिकवलं होतं. इथं पाचावर बोट बसलं आणि बाईंची भीती गेली.

ही मांडणी जुनी आहे. अमेरिकेत सन्डस्ट्रँड यांच्या बेरजेच्या यंत्रावर १९१४ च्या सुमाराला ती आली: सात-आठ-नऊ वर, एक-दोन-तीन खाली. टेलिफोनची मात्र उलटी. बेल लॅबोरेटरीजनं निरनिराळ्या मांडण्या लोकांकडून दाबवून पाहिल्या, १९६० साली त्याचे निष्कर्ष छापले, आणि १९६३ मध्ये बटणांचा टेलिफोन निघाला तो एक-दोन-तीन वर घेऊन. तेव्हापासून एकाच माणसाच्या बोटांना दोन धर्म पाळावे लागतात. एटीएमनं टेलिफोनचा पंथ धरला. त्यामुळे लाखांच्या बेरजा न बघता करणारी आमची ही, स्वतःच्या चार आकड्यांपाशी अडखळते आणि मागच्या रांगेला वाटतं, म्हाताऱ्या बाईंना पैसे काढता येत नाहीत!

आता रोज संध्याकाळी मी पावत्या वाचतो आणि ती आकडे मारते. तेव्हा ती खिडकीबाहेर बघत असते. बेरीज एकदा वरून खाली, एकदा खालून वर. सप्टेंबरअखेर सर्वसाधारण सभा घ्यावीच लागते, म्हणून यंदा आम्ही दोन महिने आधी बसलो. एका रात्री २७० रुपयांचा फरक येईना जुळून. “नवानं भाग जातो,” ती म्हणाली, “कुणीतरी शेजारचे दोन आकडे उलटे लिहिलेत.” पानं उलटली, तर टँकरच्या बिलातले १,६३० वहीत १,३६० होऊन बसले होते. सेक्रेटरींना निरोप धाडला गेला. निरोपाचा सूर राजीनाम्याचा खासच नव्हता.

तक्रारी आहेतच. बटणांची पाटी जोडली तरी काचेवरची बटणं पडद्यावरून हलत नाहीत; निवृत्तीनंतरही खुर्ची न सोडणाऱ्या साहेबासारखी अर्धी जागा अडवून बसतात. ती गेली असती तर आकडे आणखी मोठे झाले असते. पण तिची खरी तक्रार वेगळीच आहे. बँकेतल्या कॅल्क्युलेटरवर दोन शून्यांचं एक बटण असे. या पाटीवर ते नाही. परवा भाच्याचा फोन आला तेव्हा त्याची तब्येत विचारायच्या आधी तिनं तेच सांगितलं. “बाजारात असेल ती शोध. पैसे मी देईन. आणि पावती आणायला विसरू नकोस.”