गुरुवारचं छायागीत आणि कॉव्हेंट्रीचा कुलकर्णी

इंग्लंडमध्ये ‘चार्ट म्युझिक’ नावाचं एक पॉडकास्ट आहे. बीबीसीवर १९६४ ते २००६ अशी बेचाळीस वर्षं ‘टॉप ऑफ द पॉप्स’ हा गाण्यांचा कार्यक्रम दर आठवड्याला लागायचा. त्याचा एखादा जुना भाग घ्यायचा आणि त्यावर चार-चार, पाच-पाच तास बोलायचं, एवढंच हे पॉडकास्ट करतं. कोण खरं गायलं, कोणी नुसते ओठ हलवले, त्या दिवशीच्या पेपरांत काय छापून आलं होतं, दुसऱ्या चॅनलवर त्या वेळी काय चाललं होतं, सगळं. गिरगाव, परळ, लालबागचे आम्ही काही जुने मित्रमैत्रिणी हे मन लावून ऐकतो आणि रविवारी दुपारी ठाकूरद्वारच्या मैत्रिणीकडे जमून त्यावर वाद घालतो. मूळ कार्यक्रम आमच्यापैकी एकानेही त्या काळी पाहिलेला नाही.

आम्हाला तिकडे नेलं ते एका आडनावाने. २०२४च्या जानेवारीत माझ्या भाच्याने मोबाइलवर एक बातमी पाठवली आणि खाली लिहिलं, ‘मावशी, हा आपला माणूस होता.’ नील कुलकर्णी गेला होता, ५१ वर्षांचा. कॉव्हेंट्रीत वाढलेला, मराठी घरातला मुलगा. ‘मेलडी मेकर’ या संगीत-साप्ताहिकाला त्याने तरुणपणी एक खरमरीत पत्र लिहिलं आणि त्या पत्रावरूनच त्याला तिथे लिहायला बोलावलं. पुढे तो मोठा समीक्षक झाला. हिप-हॉपवर पुस्तक लिहिलं, विद्यार्थ्यांना संगीत-पत्रकारिता शिकवली. २०१२मध्ये त्याचं ‘ईस्टर्न स्प्रिंग’ आलं. आई-वडिलांच्या घरातली मराठी आणि हिंदी गाणी आणि बाहेरचं गोऱ्यांचं गाव, या दोन्हींत वाढलेल्या पोराची ती हकीगत आहे. ‘चार्ट म्युझिक’वर बोलणाऱ्या मंडळींत तो नेहमीचा होता.

सुरुवातीला इंग्रजी कळायला फार जड गेलं. ते लोक भराभर बोलतात, शिव्या देतात, आपल्याला ठाऊक नसलेल्या दुकानांची आणि बिस्किटांची नावं घेतात. पण नीलचा आवाज लागला की आम्ही सावरून बसायचो. त्याला एखादं गाणं आवडलं की तो ते जीव ओतून सांगायचा, आणि नाही आवडलं तर का नाही, हे तितक्याच पोटतिडकीने. जुनं ते सगळं गोड, असं त्याने कधी मानलं नाही. सावळ्या पोराला त्या गावातल्या रस्त्यांवर काय ऐकून घ्यावं लागायचं, हे तो त्याच बैठकीत, गाण्यांच्या मध्येच बोलून जायचा. आपलं लहानपण आवडतं म्हणून त्याची झाडाझडती घ्यायची नाही, असं थोडंच आहे?

हे ऐकता ऐकता परळचा मित्र एकदा म्हणाला, “अरे, त्यांचा पण वार गुरुवारच.” बराच काळ ‘टॉप ऑफ द पॉप्स’ गुरुवारी संध्याकाळी लागायचा. आमचं दूरदर्शनवरचं छायागीतही गुरुवारचं. मग ठरलं की आपणही एक गुरुवार घ्यायचा आणि तो असाच उलगडायचा.

अडचण पहिल्याच पायरीला आली. बीबीसीनेही सुरुवातीच्या वर्षांतले बहुतेक भाग पुसून टाकले, टेपा पुन्हा वापरायला. पण निदान १९७६पासूनचे भाग त्यांनी २०११मध्ये पुन्हा दाखवायला घेतले, म्हणून त्यांच्यापुढे बघायला काहीतरी आहे. छायागीत म्हणजे सिनेमांतली गाणी, एकामागून एक. ती सगळी आज मोबाइलवर हवी तेव्हा मिळतात. पण त्या अर्ध्या तासातली ती पाच-सहा गाणी, त्याच क्रमाने, मध्ये एकदा ‘व्यत्यय’ची पाटी येऊन, ही काही आमच्या हाती नाहीत. आहे ती फक्त आमची आठवण, आणि ती प्रत्येकाची वेगळी.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला वरळीहून सुरू झालं. लालबागच्या आमच्या चाळीत टीव्ही यायला त्यानंतर काही वर्षं गेली. तोही एकाच घरात, गॅलरीच्या टोकाला. लाकडी शटरचा, पायांवर उभा. त्याचं लायसन्स पोस्टातून काढावं लागायचं आणि अँटेना पतंगाच्या मांज्यात अडकून फिरला की वर कोणीतरी चढायचं आणि खालून सगळी चाळ ओरडायची, “अजून थोडा डावीकडे!” गुरुवारी त्या घरात सतरंजी अंथरली जायची. पुढे पोरं, मागे पाटांवर बायका, दाराला टेकून पुरुष, आणि गॅलरीत खिडकीचे गज धरून उरलेले. पडद्यावर सगळं कृष्णधवल. ‘तीसरी मंझिल’ रंगीत होता हे मोठ्यांना माहीत होतं, पण आम्हा पोरांच्या डोक्यात हेलनच्या झग्याचा रंग आपापला होता. परळचा मित्र आजही हिरवा म्हणतो.

माझे बाबा गिरणीत होते, आणि दुसरी पाळी असली की मध्यरात्र उलटून घरी यायचे. म्हणजे छायागीत हुकलंच. आई ताट वाढायची, मी जागीच असायचे. बाबा जेवताना विचारायचे, “आज काय काय दाखवलं?” मी क्रमाने सांगायचे. पहिलं कोणतं, त्यात नायक कुठून येतो, झाडाला कसा रेलतो, नायिका कुठे वळून बघते. सिनेमे त्यांनी थेटरात पाहिलेले असायचे, गाणी विविधभारतीवर पाठ झालेली. तरी ते विचारायचे, मध्येच सुधारायचे, “तिथे टांगा नाही, मोटार आहे.” मी ठामपणे टांगाच म्हणायचे, कारण मी काही तासांपूर्वीच पाहिलेला असायचा. आमच्या घरात गाण्यांवरची चर्चा ही अशी, घास हातात धरून, हळू आवाजात, शेजारी झोपलेले म्हणून.

रविवारच्या बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा ठाकूरद्वारच्या मैत्रिणीने विचारलं, “आणि तुझी आई? ती कुठे बसायची?” मला उत्तर द्यायला वेळ लागला. आई कधी बसलीच नाही. छायागीताची वेळ आणि भाकऱ्यांची वेळ एकच. आमची खोली त्या घरापासून तिसरी, आवाज येत असे. आईला सगळी गाणी आवाजावरून ठाऊक होती, चित्र मात्र एकाचंही नाही. मी रात्री बाबांना सांगायचे तेव्हा ती भांडी आवरताना ऐकत असे, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं. म्हणजे ती वर्णनं मी दोघांसाठी करत होते.

त्या दिवशी आम्ही पुढे हाच धागा धरला. कोण आत, कोण बाहेर? गिरगावात ब्लॉकमध्ये राहणाऱ्या मित्राकडे स्वतःचा टीव्ही होता. त्याला या प्रश्नाचंच नवल वाटलं. परळच्या मित्राने सांगितलं की त्याला एका घरातून दोनदा हाकललं होतं, कारण त्याचे पाय मळलेले असत. तो हे सांगताना हसला नाही. आम्हीही नाही. पडद्यावरची नटमंडळी इतकी अदबीने गायची, आणि खिडकीबाहेर आम्ही गजांसाठी एकमेकांना कोपर मारत होतो, हे दोन्ही त्याच अर्ध्या तासात घडत होतं. एक सोडून दुसरं सांगितलं तर तो गुरुवार खोटा होईल.

१८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला. पाळ्या थांबल्या आणि बाबा पहिल्यांदाच सलग कित्येक गुरुवारी संध्याकाळी घरी होते. पण ते टीव्हीवाल्या घरी जात नसत. कोणाच्या दारात उभं राहायला नको, असं म्हणायचे. मी आत बघून यायचे आणि सांगायचे, ते ऐकायचे, पण मध्येच सुधारणं त्यांनी सोडून दिलं होतं. त्याच वर्षी १५ ऑगस्टला दूरदर्शन रंगीत झालं. आमच्या मजल्यावर रंगीत टीव्ही फार उशिरा दिसला. तोवर टीव्हीवाल्या घराचा सेटही विकला गेला होता. त्या दिवसांबद्दल मी फार बोलू शकत नाही.

असा एक गुरुवार पूर्ण व्हायला आम्हाला कितीतरी रविवार लागले आहेत. गाण्यांचा क्रम अजून ठरलेला नाही. ‘अनाडी’चं गाणं आधी की ‘बरसात की रात’ची कव्वाली, यावर दोन तट आहेत आणि कोणी मागे हटत नाही. मला ते आवडतं. नील आणि त्याचे सोबती असेच भांडायचे, आणि त्यांच्या भांडणातूनच मला, लालबागच्या बाईला, कॉव्हेंट्रीतली एक बैठकीची खोली दिसायला लागली होती. त्याला आमचा गुरुवार ऐकवता आला असता तर त्याने काय काय विचारलं असतं, असं फार वाटतं.

पुढच्या बैठकीला टीव्हीवाल्या काकू येणार आहेत. आता डिलाइल रोडला मुलाकडे असतात, वय झालंय, पण आवाज तोच. दार कोणासाठी उघडायचं आणि कोणासाठी लोटायचं हे घरात कोण ठरवायचं, असं त्यांना विचारायचं आम्ही नक्की केलंय. फोनवर मी तसं स्पष्ट सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “विचार गं, सांगेन. पण मलाही तुम्हाला एक विचारायचंय. माझ्या नव्या सतरंजीवर शाई कोणी सांडली होती?”