शेर, आई आणि ऑटो-ट्यून

मागच्या वर्षी सोसायटीच्या गणपतीत आई गायली. बावीस वर्षांनी. मी सहा वर्षांचा होईपर्यंत ती भावगीतांचे कार्यक्रम करायची म्हणे. मग नोकरी, माझी शाळा, आजीचं आजारपण, आणि पेटी माळ्यावर गेली ती गेलीच. चौपन्नाव्या वर्षी ती माइकसमोर उभी राहिली तेव्हा मी खाली खुर्चीत घामाघूम झालो होतो. गाणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं.

रात्री लॅपटॉपवर ऐकलं. दोन जागी सूर किंचित उतरला होता. मी पडलो सॉफ्टवेअरवाला, बग दिसला की हात शिवशिवतात. सूर दुरुस्त करणारं एक प्लगइन लावलं, पाच मिनिटांत सगळं सरळ केलं आणि फॅमिली ग्रुपवर टाकलं. अंगठ्यांचा आणि हृदयांचा पाऊस पडला. आईने मात्र दोनदा ऐकून शांतपणे विचारलं, "हे कोण गातंय?"

त्या प्रश्नाने झोप उडाली. मी ऑटो-ट्यूनबद्दल वाचत बसलो, आणि ती वाट थेट एका कमबॅकपाशी जाऊन पोहोचली.

अमेरिकन गायिका शेर. सनी बोनोसोबत १९६५ साली ती स्टार झाली. अमेरिकेच्या यादीत तिचं गाणं एकटीच्या नावावर पहिल्या नंबरला गेलं ते १९७४ मध्ये, आणि मग बरीच वर्षं नाहीच. मधे सिनेमे केले, ऑस्कर मिळवलं, काही गाणी गाजली. पण नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत संगीतात तिचं नाव मागे पडलं होतं. जानेवारी १९९८ मध्ये सनी अपघातात गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, बावन्न वर्षांच्या शेरचा 'बिलीव्ह' हा अल्बम आला.

त्याच नावाच्या गाण्यात तिचा आवाज मधेच तुटतो, पायऱ्या चढल्यासारखा एका सुरावरून दुसऱ्यावर उडी मारतो. ही करामत ऑटो-ट्यूनची. हे सॉफ्टवेअर १९९७ मध्ये आलं होतं. बनवणारा अँडी हिल्डब्रँड आधी तेलकंपन्यांसाठी काम करायचा. जमिनीत हादरे सोडायचे, परत येणाऱ्या लहरींवरून खाली काय दडलंय ते ओळखायचं. तेच गणित त्याने गळ्याला लावलं. आवाजाची लहर किती वेळाने स्वतःसारखी परत येते हे मोजलं की सूर कळतो, मग तो जवळच्या 'बरोबर' सुरावर सरकवायचा. किती वेगाने सरकवायचा, याचं एक बटण असतं. सावकाश ठेवलं तर कुणाला पत्ता लागत नाही. शेरच्या निर्मात्यांनी ते शून्यावर नेलं. चूक लपवण्यासाठी केलेलं यंत्र त्यांनी उघड्यावर आणलं.

लोकांनी काय केलं? गाणं डोक्यावर घेतलं. ब्रिटनमध्ये सात आठवडे पहिला नंबर. मार्च १९९९ मध्ये अमेरिकेतही पहिला, म्हणजे तब्बल पंचवीस वर्षांनी. पुढे ग्रॅमी. त्या आवाजाला 'शेर इफेक्ट' हे नावच पडलं. नाकं मुरडणारेही होते: हा माणसाचा आवाज नाही, यंत्राचा आहे. तो वाद आजही संपलेला नाही. २००९ मध्ये जे-झीने ऑटो-ट्यूनच्या मरणाची घोषणा करणारं गाणंच काढलं.

मला थांबवलं ते वेगळ्याच तपशिलाने. रेकॉर्ड कंपनीला तो इफेक्ट काढून टाकायचा होता. शेर हटली नाही. तिने ऐकलं होतं, तिला आवडलं होतं, आणि आवाज तिचा होता.

मी आईला विचारलंच नव्हतं.

वर मी केलं काय होतं? आईच्या गाण्यात मींड आहे, एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं. सॉफ्टवेअरला मधली जागा कळत नाही. मी वेगही जास्त ठेवला होता. त्यामुळे बारा सुरांच्या मधे जे काही होतं, ते सगळं त्याने चूक समजून जवळच्या सुराला चिकटवलं. दोन बेसूर जागा सुधारताना मी तिची तालीम पुसून टाकली होती.

सकाळी चहाच्या वेळी तिला सगळं सांगितलं. मग 'बिलीव्ह' ऐकवलं. डोळे मिटून ऐकलं तिने.

"बाई सुरात गाते की. मग हे कशाला?"

"तिला आवडलं म्हणून."

"मग ठीक आहे," आई म्हणाली.

मी ग्रुपवरचं रेकॉर्डिंग काढून टाकलं. मूळ फाइल उघडून तिच्यासमोर लॅपटॉप ठेवला आणि विचारलं, काय करू? तिने हेडफोन लावून पूर्ण ऐकलं. त्या दोन जागा आल्यावर स्वतःच तोंड वाकडं केलं.

"सुरांना हात लावू नकोस," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी मीच नीट करीन. मधे तो जनरेटरचा आवाज येतोय ना, तेवढा काढ."

तेवढाच काढला. पेटी आता माळ्यावरून खाली आली आहे.